जुनी दहाचाकी विकायची का? वाडीच्या एका घरातला प्रश्न

'जुनी गाडी ठेवू का नवी घेऊ?' हा प्रश्न खरं तर मेकॅनिकला विचारायचा, फार तर सीएला. तरी नागपुरात कौटुंबिक समुपदेशन करताना तो माझ्याकडे नेमाने येतो, आणि येतो तो भांडणाच्या वेषात. बापलेक बोलत नाहीत, मुलगा घरी जेवत नाही, आईला झोप नाही. वाडी, कळमना, कापसी, बुटीबोरी या पट्ट्यात एका-दोन ट्रकांवर चालणारी घरं भरपूर आहेत. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील सत्तावन्नचे, स्वतःच मालक आणि ड्रायव्हर. 2014 ची दहाचाकी, म्हणजे दहा चाकांचा ट्रक, कर्ज केव्हाच फिटलेलं. कळमन्यातून धान्य, हंगामात काटोलकडची संत्री, परतीला रायपूरहून लोखंड. मुलगा सव्वीसचा, काही वर्षांपासून बापाबरोबर आळीपाळीने गाडीवर. त्याला कोरी गाडी हवी होती.

"पोरगं ऐकून नाही राहिलं, मॅडम," वडील म्हणाले. "गाडी माही चालू आहे. दिवाळीले इंजिन बांधलं, दीड लाख घातले. आता विकून कशी टाकू?"

मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "मे महिन्यात 45 डिग्रीत त्या केबिनमधे बसून दाखवा म्हणा. नव्या गाडीले एसी आहे."

ते खरं होतं. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. त्याच सुमारास, सप्टेंबर 2025 मध्ये, ट्रकवरचा जीएसटीही 28 वरून 18 टक्क्यांवर आला. शोरूमच्या माणसाने हे दोन्ही मुद्दे मुलाच्या डोक्यात पक्के बसवले होते. त्यात त्याचा दोष नाही, त्याचं कामच ते.

मी सगळ्यात आधी दिवाळीच्या दीड लाखांवर काट मारायला सांगितली. वडिलांना ते फार झोंबलं. पण ते पैसे गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. फार तर बांधलेल्या इंजिनामुळे भाव थोडा बरा येईल. विचारायचं ते एवढंच की इथून पुढच्या बारा महिन्यांत ही गाडी किती मागणार? टायर, क्लच, पाटे (स्प्रिंगा), विमा आणि फिटनेस सर्टिफिकेट. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. शिवाय दहाचाकीसारख्या तीन ॲक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल नेण्याचा परवाना, मिळतं ते 15 वर्षांपर्यंत. म्हणजे 2029 नंतर या गाडीने रायपूर विसरायचं. हे वडिलांना माहीत होतं, फक्त ते घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मग मुलाचा हिशेब. 25 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण 53 हजार. त्याचं म्हणणं, डिझेलच्या बचतीतूनच हप्ता निघेल. आम्ही मांडून पाहिलं. जुनी लिटरला 4 किलोमीटर देते, नवी 5 देईल असं धरलं. महिन्याला 6,000 किलोमीटर धावली तर 300 लिटर वाचतात. 90 रुपयांनी ते 27 हजार होतात, आणि त्यातून बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीला धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च वजा. अर्धा हप्तासुद्धा धड निघत नाही. शिवाय ते 5 चं ॲव्हरेज शोरूमच्या तोंडचं. भरल्या गाडीने त्याच रस्त्यावर तेच मॉडेल चालवणाऱ्याला विचार, म्हटलं.

एवढं झाल्यावर वडील जिंकल्यासारखे बसले होते. पुढच्या भेटीला आई आल्या, पिशवीत गुंडाळून गेल्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन. सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरात 'गाडी गॅरेजात', 'भाडं नाही', 'बाबा रायपूर'. गॅरेजचे दिवस मोजले तर चाळीसच्या वर निघाले. वडिलांनी आजवर फक्त मेकॅनिकची बिलं धरली होती, गाडी उभी राहिली त्या दिवसांचं बुडालेलं भाडं कधीच धरलं नव्हतं. ते गप्प झाले.

पण कॅलेंडर मुलालाही सोडत नव्हतं. जुलै ते सप्टेंबर 'भाडं नाही' ओळीने लिहिलेलं. गाडी धडधाकट, दारात उभी. ते दिवस कोऱ्या गाडीलाही चुकणार नाहीत, आणि 53 हजार पावसाळा बघत नाहीत.

अशा हिशेबांत मी जेवढी रमते, तेवढंच एक पथ्यही पाळते. आकडे जुळल्यावरही माणूस अडून राहिला तर आकडे बाजूला ठेवते. वडील अडलेच होते. मी सरळ विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर होणार आहे?"

बराच वेळ गेला. "त्याच्याच. मग मी काय, पोराच्या गाडीवरचा ड्रायव्हर?"

मुलगा एकदम वळला. "मी नावाचं कधी म्हटलं? तुम्ही थकून राहिले, रात्री डोळे मिटतात तुमचे. हे तुम्हाले कोण सांगन?"

महिनाभर घरात 'नवी गाडी, नवी गाडी' चाललं होतं आणि हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. आई तेव्हा रडल्या. मीही मधे बोलले नाही.

पुढचं त्यांनी त्यांचं ठरवलं, मी दोनच गोष्टींवर हटून बसले. एक, घराचे कागद कोणालाही द्यायचे नाहीत. ओळखीतला एक सावकार त्यासाठी तयारच बसला होता. गाडीचं कर्ज गाडीवरच काढायचं, छप्पर त्यात ओढायचं नाही. दुसरं, हाती येणाऱ्या पैशांतून तीन महिन्यांचे हप्ते पावसाळ्यासाठी वेगळे ठेवायचे, आणि ते आईंच्या खात्यात.

त्यांनी तीन वर्षं चाललेली बीएस-6 दहाचाकी घेतली. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडतं, पण मुद्दल कमी आणि मुदतही कमी, त्यामुळे हप्ता त्यांच्या साधारण महिन्याच्या भाड्यात बसतो. आरसी वडिलांच्या नावावर, कर्जाला मुलगा सहकर्जदार. रात्रीच्या लांब फेऱ्या मुलाच्या आणि एका पगारी ड्रायव्हरच्या, वडील बुटीबोरी-हिंगण्याच्या जवळच्या फेऱ्या करतात. 2014 ची गाडी जिल्ह्यातच माल वाहणाऱ्या एकाने घेतली. एसी मात्र नाही मिळाला, आणि मुलाने तो मुद्दा अजून सोडलेला नाही.

परवा वडिलांचा फोन होता. आता वाद रायपूर की हैदराबाद असा आहे. मी म्हटलं, यासाठी वेळ घेऊन येऊ नका, तुमचं तुम्ही भांडा.