अंदमानला पहिल्यांदा निघालात, तर

दादा, नांदेडहून जाऊन सहा दिवसांत पाच बेटं पाहायचा बेत आहे म्हणता? एवढी धावपळ करू नका. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (आता शहीद द्वीप), बास.

नवखे हमखास चुकतात ते परतीच्या दिवशी. हॅवलॉकहून सकाळची बोट, दुपारचं विमान असं जुळवतात. समुद्र खवळला की बोट रद्द! शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.

घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. भल्या पहाटे बाहेर पडा.

- विहिरीत कितीही पोहलेले असा, मगरीचा फलक असेल तिथं पाण्यात उतरू नका.
- शंख, पोवळी उचलू नका.

सेल्युलर जेलला मात्र अर्धा दिवस द्याच. सावरकरांच्या कोठडीसमोर घाई नको.