मॅनेजर मशगूल: खबर, बखर आणि न लागणारं 'इज'

मस्कतला अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की त्यांचा इजिप्शियन सहकारी मेलमध्ये "मॅनेजर बिझी" असं लिहितो, "द फाइल विच आय सेंट इट यस्टरडे" असंही लिहितो, माणूस चांगला शिकलेला आहे, मग हा निष्काळजीपणा समजायचा का आणि त्याला न दुखावता सांगायचं कसं.

निष्काळजीपणा अजिबात नाही. आणि आधी एक सांगतो कारण ऐकून ऐकून वैताग आलाय. आखातातून सुट्टीवर आलेला जो तो सांगत सुटतो की अरबीत 'असणे' हे क्रियापदच नाही, म्हणून त्यांना 'इज' लावता येत नाही. साफ चूक! क्रियापद आहे, 'कान', भूतकाळात ते हमखास येतं, फक्त साध्या वर्तमानकाळी वाक्यात ते लागत नाही. ताई, त्याचे जुने मेल काढून बघा, "मॅनेजर वॉज बिझी" लिहिताना त्याचं 'वॉज' बहुतेक जागच्या जागी सापडेल.

प च्या जागी ब, 'इन्फर्मेशन्स' वगैरेवर वेळ घालवत नाही. माहितीला तिकडे 'मालूमात' म्हणतात आणि ते अनेकवचन आहे, विषय संपला.

खरी मजा त्या 'इज'च्या रिकाम्या जागेत आहे. अरबी वैयाकरण अशा वाक्याचे दोन भाग करतात, मुब्तदा आणि खबर. मुब्तदा म्हणजे जिथून सुरुवात केली ते, आणि खबर म्हणजे खबरच, आपलीच! आधी कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि मग त्याची खबर द्यायची, मधे सांधा कशाला हवा? 'अल्-मुदीर मशघूल.' मुदीर म्हणजे मॅनेजर आणि मशघूल म्हणजे आपण मशगूल म्हणतो तोच शब्द. मॅनेजर मशगूल. झालं की वाक्य.

आणि यावर मराठी माणसानं हसावं? दुरून डोंगर साजरे. इकडे आड तिकडे विहीर. नाचता येईना अंगण वाकडं. यात 'आहे' कुठाय? डोंगर मुब्तदा, साजरे खबर, इतकं चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. पाहुण्यांना ओळख करून देताना "हा माझा भाऊ" म्हणून आपण थांबतोच ना. फरक एवढाच की आपल्याकडे 'आहे' लावलं तरी चालतं, नाही लावलं तरी चालतं.

ही अडचण काही आजच्या ऑफिसातली नाही. ग्रीक तर्कशास्त्र अरबीत आणताना हाच 'इज' आडवा आला होता. दहाव्या शतकातल्या अल्-फाराबी या तत्त्ववेत्त्यानं याची चर्चा केलीय, फारसीत 'आहे' या अर्थी 'हस्त' हा शब्द आहे तसा अरबीत नाही, म्हणून काहींनी त्या जागी 'हुव' म्हणजे 'तो' वापरला, काहींनी 'मौजूद'. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यानं उद्या "मॅनेजर ही द रिस्पॉन्सिबल" लिहिलं तर तो 'ही' म्हणजे हाच हुव आहे हे ओळखा.

आता खबर निघालीच आहे तर पुढे जातो. त्याच धातूतून अरबीत 'मुखाबरात' म्हणजे गुप्तहेर खातं आणि आपल्याकडे खबऱ्या. आणि माझ्या मते बखरही तिथलीच, खबरमधल्या अक्षरांची उलटापालट होऊन बखर. काही अभ्यासक ती 'बखैर'वरून आणतात, काही तर ओढत ओढत संस्कृत धातूपर्यंत नेतात, मला दोन्ही पटत नाही. 'बखैर' म्हणजे खुशाल, मग लढाया, फितुऱ्या आणि वारसाभांडणांच्या हकीकतीला खुशालीचं नाव कोण देईल? आणि अशी उलटापालट मराठी जिभेला नवी आहे का? नुकसानचं नुसकान कोणी केलं, मतलबचं मतबल कोणी केलं? दोन्ही शब्द मूळचे अरबीच. इतका सरळ पुरावा तोंडात असताना संस्कृत धातू उकरत बसणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

फाइल राहिली. 'अल्-मलफ्फ अल्लधी अर्सल्तुहू', यातला शेवटचा 'हू' म्हणजे 'तिला', जी फाइल मी पाठवली तिला. अरबीत हा असावाच लागतो असं नाही, पण सहसा असतो, आणि त्याला आइद म्हणतात, म्हणजे परत येणारा. तोच 'हू' इंग्रजीत 'इट' होऊन परत येतो.

सांगायचं कसं म्हणाल तर त्याच्या शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगा. मुब्तदा-खबर तो लहानपणी शिकलेला असणार. इंग्रजीत मुब्तदा आणि खबर यांच्या मधे 'इज' घालावं लागतं आणि आइद गाळावा लागतो, एवढं म्हणा, लगेच कळेल त्याला. जमलं तर मुदीर-मशगूलही ऐकवा.