वाचकांचे प्रश्न : गिरणीचं धुराडं, धोटा आणि भोंगा

मागच्या अंकात इंदूरच्या कापड गिरण्यांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले हे चार प्रश्न. उत्तरं बांधकाम आणि वस्त्रयंत्रांतल्या जाणकारांची.

आमच्या भागातल्या बंद मिलचं विटांचं धुराडं शेंड्याकडे कललेलं दिसतं. खालपासून वरपर्यंत सिमेंटचा गिलावा केला तर टिकेल, असं एक कंत्राटदार म्हणतो. खरं का? (वाचक, परदेशीपुरा)

खरं नाही. कोळशाच्या धुरात गंधकाचे वायू असतात. वरच्या भागात धूर थंडावला की आतल्या भिंतीला ओल धरते आणि तिथे आम्ल तयार होतं. चुन्याशी त्याचा संयोग होऊन जे क्षार बनतात ते जास्त जागा घेतात, आणि सांधा फुगतो. जी बाजू जास्त काळ ओली राहते तिथले सांधे जास्त फुगतात, धुराडं उलट बाजूला कलतं. पायथा भक्कम असूनही शेंडा वाकतो तो यामुळे. उदाहरणार्थ, इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. इतकी वर्षं भट्टी विझलेली असली, तरी साठलेले क्षार दर पावसाळ्यात पुन्हा जागे होतात.

सिमेंटचा गिलावा ही ओल आत कोंडतो. जुनी वीट मऊ असते, तिचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. हेच क्षार साध्या सिमेंटलाही खातात. शिवाय गिलाव्याखाली तडे दिसेनासे होतात, आणि हा तोटा सर्वांत मोठा.

दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्यातच भरायच्या. सांधा रुंदीच्या दुप्पट, म्हणजे साधारण 20 ते 25 मिमी खोल, छिन्नीने कोरायचा. ग्राइंडर नको, विटांच्या कडा कापल्या जातात. निदान दोन आठवडे पाण्यात मुरवलेला चुना 1 भाग, सुरखी (विटांची पूड) 1 भाग, चाळलेली वाळू 2 भाग. भरण्याआधी सांधा भिजवा, नंतर आठवडाभर ओली गोणपाटं. दसऱ्यानंतर काम काढा; मे महिन्यात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि भुगा होतो.

लोखंडी पट्टे गंजले की फुगून विटा ढकलतात. ते बदलावे लागतात, पण एकेक करून. सगळे एकदम काढणं धोक्याचं. पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंधा कापून त्यावर तणनाशक लावा आणि मुळं मेल्यावर पोकळी चुन्याने भरा. वीज उतरवणारी तांब्याची पट्टी (25 × 3 मिमी चालते) बहुतेक ठिकाणी खालून चोरीला गेलेली असते. ती पुरी करून अर्थिंग 10 ओहमच्या आत आहे का ते उन्हाळ्यात तपासा, जमीन तेव्हाच सर्वांत कोरडी असते.

या सगळ्याआधी मालकाची परवानगी आणि संरचना अभियंत्याचं मोजमाप हवं. कल मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून घ्या. जुना पण स्थिर कल सहन होतो, वाढता कल नाही.

धुराडं इतकं उंच कशाला? न चढता उंची कशी मोजावी? (विद्यार्थी, नंदानगर)

ओढीसाठी. आतला गरम वायू हलका, बाहेरची हवा जड. हा फरक भट्टीतून हवा खेचतो. उंची 45 मीटर, आत 250 अंश आणि बाहेर 30 अंश असतील तर ओढ सुमारे 20 मिमी पाण्याच्या दाबाइतकी भरते. भर उन्हाळ्यात ती थोडी घटते.

उंचीसाठी 1 मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजा आणि त्याच वेळी धुराड्याची, भिंतीपासून टोकापर्यंत. धुराडं वर निमुळतं असतं, म्हणून पायथ्याच्या त्रिज्येतून शेंड्याची त्रिज्या वजा करून येणारा आकडा सावलीत मिळवा. काठीची सावली 80 सेंमी, धुराड्याची 35 मीटर, त्रिज्यांतला फरक 1 मीटर, तर 36 भागिले 0.8, म्हणजे 45 मीटर. जमीन उताराची असेल तर हा हिशेब सोडून द्या.

घरात मिलमधला लाकडी धोटा (विणताना आडवं सूत नेणारा) आहे. साध्या मागाचा की ऑटोमॅटिकचा? कसा जपावा? (वाचक, पाटनीपुरा)

आतून बघा. वर उघडणारी बिजागरीची दांडी असेल तर साधा माग. त्यावर विणकर सूत गुंडाळलेली कांडी हाताने बदलायचा. तळ उघडा असेल आणि एका टोकाला कांडीच्या कड्या पकडणाऱ्या चिमट्या असतील, तर ऑटोमॅटिक. नवी कांडी वरून दाबली जाई, रिकामी खाली पडे. काही साध्या धोट्यांच्या डोळ्यातून सूत तोंडाने ओढून घेत. रोग पसरवणारी सवय होती ती.

पाणी आणि व्हार्निश टाळा. मऊ ब्रशने धूळ, अगदी बारीक स्टील वूलने टोकांचा गंज काढा, मग उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात देऊन पंधरा मिनिटांत पुसून घ्या. तेलाचं फडकं चुरगळून ठेवू नका, आपोआप पेट घेतं, पसरून वाळवा.

अनंत चतुर्दशीच्या झाँकीवर (मिरवणुकीतल्या चित्ररथावर) जुना पितळी भोंगा कॉम्प्रेसरवर वाजेल का? (एक मंडळ)

वाजेल, पण आवाज मूळपेक्षा बराच खर्जात येईल. वाफेत ध्वनीचा वेग हवेपेक्षा जास्त, त्यामुळे हवेवर स्वर उतरतो. भोंग्याची वरची घंटा (पितळी नळकांडं) कापून स्वर चढवायचा मोह टाळा, वस्तू कायमची जाते. आधी खालच्या कड्याची फट सगळीकडे सारखी आणि खपलीमुक्त करा, 1 किलो दाबावर सुरुवात करून हळूहळू वाढवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची टाकी काही सेकंदांतच संपते. मोठी टाकी आणि रुंद नळी लागेल. वाफेसाठी मात्र घरगुती जुगाड नको. बॉयलर निरीक्षकाने तपासलेला बॉयलर नसेल तर हवेवरच भागवा, आणि भोंग्याजवळच्या माणसांच्या कानांना बोळे द्या.