चिठ्ठी ‘नाही’ आली तर?

“एवढं देवाचं करते, तरी जिवाला स्वस्थता का नाही? माझी श्रद्धाच कमी पडतेय का?” हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून आजवर कितीजणांनी विचारला, त्याची गणतीच नाही. कुणाच्या मुलाचा स्पर्धा परीक्षेचा निकाल लांबलेला असतो, कुणाच्या जावयाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाची बायोप्सी झालेली असते. मागणं मात्र सगळ्यांचं एकच: काही वाईट होणार नाही, एवढं कुणीतरी नक्की सांगा.

म्हणून डोंबिवलीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचावन्नच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही सिंधुदुर्गात. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून दोन वर्षं झालेली, डॉक्टर समाधानी. पण या आजारात पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावं लागतं, वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते. तारीख जवळ आली की ताईंची झोप उडायची. त्यांना घेऊन आलेली मुलगी म्हणाली, “मॅडम, आई दिवसभर देवासमोर चिठ्ठ्या टाकते. एकीवर ‘हो’, एकीवर ‘नाही’. शेजारच्या छोट्याला उचलायला लावते. परवा तो कंटाळून पळून गेला!”

ताई ओशाळल्या. मला मात्र त्या चिठ्ठ्यांबद्दल कुतूहल वाटलं.

“काय विचारता देवाला?”

“तपासणी नीट होईल ना, एवढंच.”

“आणि ‘हो’ आलं की?”

“बरं वाटतं. तासभर.”

“‘नाही’ आलं तर?”

“परत टाकते.”

“‘हो’ येईपर्यंत?”

त्या हसल्या. मग एकदम हसू मावळलं. “म्हणजे मी देवाला विचारतच नाहीये. माझंच उत्तर त्याच्याकडून वदवून घेतेय.”

हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा चिठ्ठी टाकली असती. ते त्यांचं त्यांना सापडलं, म्हणून टिकलं. समुपदेशकाने उत्तर पुढे करण्याची घाई आवरायची असते. ही घाई मला आता आवरता येते, याचं थोडं समाधान आहे.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. त्यांनी १९५५ साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा, की माणूस घटनेपेक्षा घटनेबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने जास्त अस्वस्थ होतो. आजार उलटू नये असं वाटणं साहजिक आहे; तो उलटणार नाही याची आजच्या आज लेखी हमी मिळालीच पाहिजे, हा हट्ट. एलिस स्वतः नास्तिक होते. तरी उतारवयात त्यांनी श्रद्धाळू लोकांच्या समुपदेशनावर सहलेखकांबरोबर पुस्तक लिहिलं. श्रद्धेला धक्का न लावता हट्ट सोडवता येतो, हे मलाही मान्य आहे, आणि मी काही रोज पूजा करणारी बाई नाही.

चिठ्ठीचं गणित बघा. ‘हो’ आलं की भीती उतरते. ती चिठ्ठीमुळे उतरली, असं मन शिकतं. पुढच्या भीतीला पुन्हा चिठ्ठी लागते आणि दोन चिठ्ठ्यांमधला वेळ कमी कमी होत जातो. घरच्यांचं “काही होत नाही गं तुला” हेही याच जातीचं. प्रेमाने दिलेलं असतं, तासाभरात विरतं. त्यापेक्षा “मलाही माहीत नाही, पण मंगळवारी मी तुझ्याबरोबर येतो” हे वाक्य कितीतरी जास्त पुरतं.

ताईंना मी चिठ्ठ्या बंद करायला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हात चिठ्ठीकडे गेला की आधी दहा मिनिटं थांबा आणि त्या क्षणी मनात जे येईल ते वहीत लिहा. शुद्धलेखन तपासायला कुणी येणार नाही. पहिली काही पानं ‘भीती वाटते’, ‘भीती वाटते’ अशीच गेली. मग एका पानावर आलं: ‘मी नसले तर यांना इन्सुलिन कोण देणार? यांना सुई बघवत नाही.’

ते पान माझ्यापुढे धरून त्या बराच वेळ गप्प होत्या. मरणाचा विषय आम्ही आधी कितीदा काढला होता. पण भीतीचं टोक होतं फ्रिजच्या दारातल्या त्या इन्सुलिनच्या पेनात. ‘पुढे काय होईल’ हा प्रश्न कुणालाच सुटत नाही. ‘यांना इन्सुलिन कोण देणार’ हा सुटतो. पुढच्या भेटीला मी यजमानांनाही बोलावलं. नर्सबाईंकडून ते पोटावर सुई घ्यायला शिकले. पहिल्या दिवशी घाम फुटला, आठवड्याभरात नातेवाइकांना फोनवरून ऐकवू लागले. “इतकी वर्षं उगाच लाडावून ठेवलं,” ताई म्हणाल्या.

श्रद्धेचा प्रश्न तरीही उरला होता. “मग देवाकडे मागायचंच नाही का?”

मी विचारलं, “गावी गाऱ्हाणं घालतात तेव्हा काय होतं?”

त्यांचा चेहरा खुलला. “गावकर देवासमोर सगळं बोलतो. पोराबाळांना सांभाळ, चुकलंमाकलं पोटात घाल. आणि आम्ही सगळे म्हणतो, होय महाराजा!”

“देव काय म्हणतो?”

“काय म्हणणार? गाऱ्हाणं घालायचं नि घरी यायचं.” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: “तिथे कुणी उत्तरासाठी अडून बसत नाही.”

माझं त्या दिवशीचं काम तिथेच संपलं होतं. लहानपणापासून अंगवळणी पडलेली श्रद्धेची एक रीत त्यांच्याकडे होती. त्यात मन मोकळं करायचं असतं, मागायचंही असतं, पण निकाल हातात घेऊन परतायचं नसतं. भीतीच्या दिवसांत ती बाजूला पडली होती. आता त्या तपासणीच्या आदल्या रात्री घरच्या घरी गाऱ्हाणं घालतात. मुलगी ‘होय महाराजा’ म्हणते. भीती जात नाही. झोप बऱ्यापैकी लागते.

त्यांचे रिपोर्ट कसे आले, ते मुद्दामच सांगत नाही. चांगले आले म्हटलं, तर तुम्ही तोच कौल धराल.

तुमची अवस्था अशी असेल तर वहीपासून सुरुवात करा, आणि मोठ्या भीतीच्या पोटात एखादं करता येण्याजोगं काम दडलंय का, ते शोधा. मात्र संकेत शोधण्यात रोजचे तास जात असतील, थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येत नसेल, जेवणझोप सुटली असेल, तर वहीवर विसंबू नका. तो मंत्रचळ (ओसीडी), म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार असू शकतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. कुठे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.