निवडणूक हरल्यावर पक्षाने नवा नेता लगेच निवडावा की थांबावं?

थांबावं, असं माझं मत. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी जो तो दुसऱ्यावर खापर फोडत असतो. तेव्हा निवडलेला नेता हा बहुधा रागाचा कौल असतो.

ब्रिटनमधलं 2005 चं उदाहरण बघा. मे महिन्यात हुजूर पक्ष हरला. पक्षाचे नेते मायकेल हॉवर्ड यांनी पद सोडणार असं जाहीर केलं, पण उत्तराधिकारी ठरेपर्यंत ते खुर्चीवर राहिले. ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूलच्या अधिवेशनात इच्छुकांची भाषणं झाली. डेव्हिड डेव्हिस यांचं पारडं जड होतं, पण त्यांचं भाषण फिकं पडलं. डेव्हिड कॅमेरॉन हातात कागद न घेता बोलले आणि चित्र पालटलं. डिसेंबरमध्ये ते नेते झाले. घाई केली असती तर बहुधा डेव्हिसच आले असते.

मात्र नुसता वेळ देऊन भागत नाही. मतदान कोण करणार, हे जास्त महत्त्वाचं. मजूर पक्षाने 2015 च्या पराभवानंतर चार महिने घेतले, सदस्य आणि नोंदणीकृत समर्थकांनी जेरेमी कॉर्बिन यांना निवडलं. वर्षभरात त्यांच्याच 172 खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूने फक्त 40. तरी सदस्यांनी त्यांनाच पुन्हा निवडलं! खासदार एकीकडे, कार्यकर्ते दुसरीकडे. म्हणून उमेदवारांची छाननी खासदारांनी नीट करावी, मग सदस्यांकडे जावं.