तिच्या वहीतली बिस्किटं आणि मुदत ठेव

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी पत्नी गेली. १४ महिन्यांच्या आजारपणात वॉर्डातल्या सिस्टर आणि घरी येणाऱ्या दोन मदतनीस बायकांनी तिचं सगळं केलं. तिला बेकिंगची फार हौस. तिच्या वहीत बघून दर महिन्याला, तिच्या तारखेला, या ३० जणांना बिस्किटांचे डबे द्यावेत असं मनात आहे. घरचा ओव्हन लहान आहे. मुदत ठेव मोडून मोठा ओव्हन आणि मिक्सर घेऊ का? वहीतल्या त्या पानावर बटरचा डाग पडलाय, प्रमाण नीट वाचता येत नाही, म्हणून तीनदा करून पाहिलं. आता जमतंय.

उत्तर : बिस्किटं जरूर करा. ठेव मात्र मोडू नका.

आधी ओव्हनचं बघू. ३० डबे, प्रत्येकात ६ बिस्किटं, म्हणजे १८०. तुमच्या लहान ओव्हनच्या ट्रेत एका वेळी १२ मावली, तरी १५ खेपा होतात. खेपेला १२ मिनिटं धरली तर भाजायला एकूण ३ तास. दोन संध्याकाळींत आरामात होईल. कणीक आधीच मळून, वळकट्या करून फ्रीजरमध्ये ठेवता येते. ओव्हन २००० वॅटचा असला आणि ३ तास सलग चालला, तरी ६ युनिटच्या वर वीज लागत नाही. प्रत्यक्षात कमीच, कारण हवं तेवढं तापलं की तो आपोआप बंद-चालू होत राहतो. महिन्यातून ३ तासांच्या कामासाठी नवं यंत्र घेणं मला पटत नाही. शिवाय ती याच ओव्हनवर करायची ना?

ठेव मोडू नका म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे. जोडीदार गेल्यावर खर्च निम्मा होईल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. घरभाडं, विजेचा स्थिर आकार, दुरुस्त्या तेवढ्याच राहतात. दोघांना १०० लागत असतील तर एकट्याला साधारण ७० लागतात, असा ढोबळ हिशेब धरतात. तिचं उत्पन्न किंवा पेन्शन थांबलं असेल तर ही तफावत आत्ता कुठे कळायला लागेल. उपचारांची उरलेली बिलं आणि तिच्या खात्यांची वारसनोंद पूर्ण होऊन एक वर्षाचा खर्च डोळ्यांसमोर येईपर्यंत मोठी रक्कम हलवू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. सामानाचा खर्च महिन्याच्या उत्पन्नातूनच करा आणि हिशेबाच्या वहीत तिच्या नावाने वेगळा लिहा. त्या महिन्यात तो जड गेला तर डबे कमी करा, ठेवीकडे वळू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घरी येणाऱ्या त्या दोघींचं काम तुमच्या पत्नीबरोबरच संपलं. त्यांचा शेवटचा पगार, जादा रात्रींचे पैसे, कबूल केलेली भरपाई, सगळं चुकतं झालंय का? नसेल तर आधी ते द्या. जमलं तर एक महिन्याचा पगार वर द्या, कारण कामाला नवं घर मिळेपर्यंत त्यांचीही ओढाताण होते. त्या एजन्सीमार्फत येत असतील तर तिथला नियम विचारून घ्या. या एका कामासाठी बचत खात्यातून पैसे काढलेत तरी माझी हरकत नाही. डबा त्या पाकिटाबरोबर जाऊ द्या, पाकिटाऐवजी नको.

वॉर्डात पैसे देऊ नका. बऱ्याच रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना ते घेता येत नाहीत. खाऊसाठीसुद्धा आधी मुख्य सिस्टरना विचारा. डब्यावर गहू, दूध, अंडं, सुकामेवा यांपैकी काय आहे ते लिहा, कुणाला ॲलर्जी असू शकते. आणि रात्रपाळीचा डबा वेगळा, नाव घालून ठेवा. सकाळी आणलेला खाऊ रात्रीपर्यंत उरत नाही, आणि आजारपणातल्या कठीण रात्री त्यांनीच काढलेल्या असतात.

दर महिन्याचा शब्द मात्र आत्ता कुणाला देऊ नका. पहिली खेप करा, मग तिच्या वाढदिवसाला करा, पुढचं तेव्हा बघू. एखाद्या महिन्यात हात चालला नाही, तर ते ओझं वाटता कामा नये. ठेवीची मुदत पुरी होईल तेव्हाही ओव्हन हवासा वाटला तर मला लिहा. व्याजातून तो कसा बसवायचा ते आपण मिळून ठरवू.