ते मुंगूस कोणाचं?

प्रश्न: मी सांगलीची चित्रकार. एक मुलगी आणि तिचं मुंगूस ही पात्रं २०२१ मध्ये माझ्या वहीत जन्मली. २०२३ मध्ये पुण्यातल्या एका गेम स्टुडिओला ती आवडली. नोकरी नाही, लेखी करार नाही. बिलं पाठवली, पैसे मिळाले. आता परदेशी प्रकाशक गेम घेतोय आणि स्टुडिओने आठ पानी असाइनमेंट, म्हणजे पात्रांचे हक्क त्यांच्या नावे करून देणारा करार, पाठवलंय. 'औपचारिकता आहे, शुक्रवारपर्यंत सही करा' म्हणतात. करू का?

उत्तर: नमस्कार. नका करू. नुसती औपचारिकता असती तर एवढी घाई नसती. पात्रांचे हक्क तुमच्याकडून स्टुडिओकडे लेखी आलेलेच नाहीत, हक्कांची साखळी तुमच्यापाशी तुटते, हे प्रकाशकाच्या वकिलाला दिसलंय.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळं ठरलं नसेल तर नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं. तुम्ही पगारी नव्हता. पण त्याच कलमात एक काटा आहे: पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं 'पेंटिंग' किंवा 'पोर्ट्रेट' सांगणाऱ्याचं ठरतं. स्टुडिओ याच शब्दांवर बोट ठेवील, म्हणून तुमची वही मोलाची. ती चित्रं कोणी सांगितली नव्हती, त्यांचे पैसेही घेतले नव्हते. त्या पानांचे जुने फोटो, व्हॉट्सॲपवर कोणाला कधी पाठवले ते, स्टुडिओची पहिली ईमेल, सगळं तारखांसकट गोळा करा. मूळ वही कोणाच्या हाती देऊ नका.

मसुद्यातलं सहावं कलम वाचून मला राग आला. 'आजच्या व भविष्यातल्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी, कलम १९(४) लागू न होता.' हे शब्द उगाच नाहीत. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि १९(४) प्रमाणे दिलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत येतो. तुमच्या बाजूची ही तिन्ही कवचं एका वाक्यात काढून घेतली आहेत. सिक्वेल, कार्टून, खेळणी सगळं त्यात, आणि मोबदला? 'यापूर्वी अदा केलेला'.

हक्क हातात नसले की काय होतं ते पाहा. क्रॅश बँडिकूट हे व्हिडिओ गेममधलं पात्र नॉटी डॉग या स्टुडिओने घडवलं, १९९६ मध्ये पहिला गेम आला, पण हक्क युनिव्हर्सल या कंपनीकडे. घडवणारे पुढे दुसऱ्या कामाला लागले आणि ते पात्र हात बदलत ॲक्टिव्हिजनकडे, मग २०२३ मध्ये त्या कंपनीसकट मायक्रोसॉफ्टकडे गेलं.

एक मात्र मान्य करायला हवं. ज्या गेमचे पैसे घेतलेत, त्यात चित्रं वापरायला तुमची संमती होतीच. तो अडवू नका. कोर्टात टिकणार नाही आणि मला ते योग्यही वाटत नाही. या एका गेमपुरतं लायसन्स द्या, म्हणजे वापरायची परवानगी, हक्क तुमच्याकडेच. सिक्वेल आणि बाकी वापरासाठी वेगळा करार, वेगळी रॉयल्टी. प्रकाशक पूर्ण असाइनमेंटवरच अडला तर किंमत मागा: आज ठोक रक्कम, विक्रीत टक्का, हिशोब तपासायचा हक्क, आणि ठरल्या वर्षांत नवा गेम आला नाही तर पात्रं परत.

शेवटच्या पानावर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चे हक्क सोडल्याचं वाक्य आहे, ते खोडा. कलाकृतीवर आपलं नाव असण्याचा हा हक्क असाइनमेंटनंतरही कलाकाराकडेच राहतो.

आज स्टुडिओला एवढंच लिहा: 'मसुदा मिळाला. माझे वकील वाचत आहेत. आमच्या दुरुस्त्या सोमवारी पाठवते.' फोनवर काही कबूल करू नका.